आप्पांची पट्टी

रविवारी अकरा वाजता सगळ्यांनी तालमीच्या खोलीत जमायचं ठरलं होतं. पियानो उघडून ठेवावा म्हणून ताई अर्धा तास आधी आली, तर थोरला तिच्याही आधी येऊन खिडकीपाशी उभा होता. एवढ्यावरूनच तिने ओळखलं, याला कुणकुण लागली आहे. एरवी तो सर्वांत शेवटी येई, जिन्यावर पाय वाजवत, म्हणजे वरच्यांना कळावं की नायक येतोय. चोवीस वर्षं घरच्या नाटकमंडळीत नायकाचं काम केलेला माणूस. जिनासुद्धा रंगमंचावर प्रवेश करावा तसा चढे.

"लवकर आलास," ताई म्हणाली.

"झोप लागली नाही." त्याने मान वळवली नाही. "धाकट्याचा फोन आला होता तुला?"

"आला होता."

"काय म्हणाला?"

"अकराला ये म्हणाला."

खोटं नव्हतं ते. त्यानंतर धाकटा आणखी वीस मिनिटं बोलत होता, तेवढं तिने सांगितलं नाही.

खोली छापखान्याच्या वर होती. इतर दिवशी खालच्या यंत्राची धडधड पावलांना जाणवत राही. आज सुटी, त्यामुळे खाली शुकशुकाट होता. भिंतीला एक उभा आरसा, कोट अडकवायच्या खुंट्या, आणि बसायला जुन्या नेपथ्यातून उरलेल्या खुर्च्या. एक न्हाव्याची, दोन कोर्टातल्या आणि एक राजाचं सिंहासन, ज्याचा मागचा पाय पुठ्ठ्याच्या घडीवर उभा होता. आप्पा, ताईचे आणि दोघा भावांचे वडील, होते तोवर सिंहासनावर आप्पा बसत. ते गेल्यावर त्यावर कुणी बसलं नाही, पण धाकटा आपली बॅग खुशाल त्यावर ठेवी, आणि तेवढ्यावरून दोघा भावांत दोनदा बोलणं बंद झालं होतं.

आजही आल्या आल्या त्याने बॅग तिथेच ठेवली. मंडळीचा सगळा कारभार तोच पाही. थिएटरं ठरवणं, जाहिराती, गाड्या. गाणं त्याला येत नसे आणि त्याचं त्याला दुःखही नसे. त्याच्यामागून वहिनी आली, थोरल्याची बायको, काखेत कपड्यांचा गठ्ठा घेऊन. शिवणखातं तिच्याकडे होतं आणि रिकाम्या हाताने बसलेलं तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीत टेकता टेकता तिने उसवलेली बाही मांडीवर घेतली. मग मास्तर आले. वादकांचा ताफा सांभाळणारे, पंधरा वर्षांपूर्वी आले ते घरच्यांतच जमा झालेले. शेवटी थोरल्याची लेक आणि जावई. लेक विंगेत बसून नटांना विसरलेलं वाक्य पुरवी. जावई चार वर्षं नायकाच्या मित्राची कामं करत होता आणि या खोलीत नेहमी दाराजवळची जागा धरी.

"सरळ मुद्द्यावर येतो," धाकटा म्हणाला. "'घड्याळजी'ला पन्नास वर्षं होतात. उद्या सकाळी जाहिरात खाली छापायला द्यायचीय. नायकाचं नाव आज ठरायला हवं."

"ठरवायचं काय त्यात?" थोरला खिडकीतूनच म्हणाला.

धाकट्याने जाहिरातीचा कागद काढून उलगडला, तेव्हा तो वळला.

'घड्याळजी' ही आप्पांनी मंडळी काढली तेव्हाची पहिली संगीतिका. हलकीफुलकी, तीन अंकी. गावातल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे एक बाई रोज घड्याळ घेऊन येते, आणि ते बंद पडलेलं नसतंच. तिसऱ्या अंकात तो तिला साध्या बोलण्यात म्हणतो, "बाई, तुमचं घड्याळ चालू आहे," आणि त्याच वाक्याचं बघता बघता गाणं होतं. गाण्याच्या शेवटी एक वरचा सूर. त्या एका सुरावर आप्पांनी सव्वीस वर्षं थिएटरं भरली. असा उंच, तलवारीसारखा पुरुषी गळा म्हणजे टेनर. मंडळीत नायक होणारा टेनरच असायचा, आणि आप्पांनंतर तो थोरला होता.

"दादा, रागावू नकोस," धाकटा म्हणाला. "घड्याळजी तिशीचा आहे. तू सत्तावन्नचा."

"आप्पा साठीपर्यंत करत होते."

"आप्पांच्या वेळी मागच्या रांगेला नुसता सदरा दिसायचा. आता पहिल्या अंकातच लोकांच्या हातातल्या फोनवर तुझा फोटो असतो. लोक आधी बघतात, मग ऐकतात. टेनर म्हणजे ज्याच्यासाठी बायका पुन्हा तिकीट काढतात तो. मला तरी दुसरी व्याख्या माहीत नाही."

"तुला ठाऊक असायचं कारणच नाही." थोरल्याचा आवाज शांत होता, पण खोलीच्या चारही भिंतींना लागत होता, तशी त्याला सवयच होती. "टेनर चेहऱ्याने गात नाही. टेनर म्हणजे वरचा सूर. तिथपर्यंतचं बाकीचं सगळं म्हणजे जिना. माणसं जिना बघायला येत नाहीत."

"मला विचाराल तर," वहिनी सुईवरची नजर न काढता म्हणाली, "मोठा टेनर तो, जो काल तापात उभा राहिला आणि आज परत उभा राहतो. ह्यांनी चोवीस वर्षांत दोन प्रयोग बुडवले. कोट मी धुते. त्यातून किती घाम निघतो मला माहीत आहे."

"वहिनी, घाम हमालालाही येतो."

वहिनीची सुई थांबली आणि पुन्हा चालू झाली. मास्तरांनी घसा साफ केला. प्रत्येक गोष्टीवर मत असणं हा मास्तरांचा स्वभाव होता आणि ते शेवटी सांगणं ही त्यांची पद्धत.

"मोठ्या संगीतिकेतला टेनर वेगळा," ते म्हणाले. "तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणंच. आपल्याकडे माणूस बोलता बोलता गायला लागतो. कुठे बोलणं संपलं आणि कुठे गाणं लागलं ते कळता कामा नये. सांधा दिसला की शिंपी वाईट. वरचा सूर काय, दहा जणांना लागतो. सांधा न दिसू देणारा दहा वर्षांत एक निघतो."

"तुम्ही कधी गायलायत का, मास्तर?" थोरल्याने विचारलं.

"नाही. म्हणून तर ऐकायला मोकळा असतो."

थोरला हसला नाही. त्याने दाराकडे पाहिलं. "तू बोल ना. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. काय म्हणणं आहे तुझं?"

जावई अवघडला. हातातली टोपी त्याने उलटीसुलटी केली. "मी काय सांगू, बाबा. मी तुमचंच बघून शिकलो."

"शिकलास. आणि आता गुरूच्याच पाटावर बसायला निघालास."

"त्यांनी मागितलेलं नाही," लेक म्हणाली. विंगेत बोलायची सवय, म्हणून ती नेहमीच हळू बोले, आणि तिचं हळू बोलणं जिथे जायचं तिथे बरोबर जाई. "मला विचारा, बाबा. मोठा टेनर तो, ज्याला कधी थांबायचं ते कळतं."

थोरल्याचा चेहरा उतरला. हा घाव त्याला या बाजूने अपेक्षित नव्हता. "हे कुणी पढवलंय तुला?"

"पढवायचं काम माझंच आहे. मागच्या हंगामात तुम्हाला अकरा वेळा वाक्य पुरवलं. मोजलेत मी."

ताई पियानोच्या स्टुलावर बसून ऐकत होती. धाकट्याने फोनवर तिला म्हटलं होतं, तू फक्त माझ्या बाजूने मान हलव, बाकी मी बघतो. वहिनीने काल जिन्यात हात धरून म्हटलं होतं, ताई, तुम्ही ह्यांच्या बाजूने बोला, तुमचं वजन पडतं. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात या घरात तिच्या बोलण्याला पहिल्यांदाच वजन आलं होतं, आणि दोघांनाही ते आपापल्या पारड्यात हवं होतं. तिने काहीच ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर सगळं असंच बोलण्यात संपून जाईल, अशीच तिची समजूत होती.

"ठीक आहे," थोरला म्हणाला. त्याने कोट काढून खुंटीला अडकवला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोघंही गाऊ. तिसऱ्या अंकातलं. आधी मी, मग हा. आप्पांच्या पट्टीत. ताई, लाव."

वहिनीने सुई बाहीत टोचली आणि हात मांडीवर ठेवले.

"आजच कशाला?" ती म्हणाली. "सकाळपासून काही पोटात नाही तुमच्या. घसा—"

"घशाला काय झालंय?"

वहिनी ताईकडे बघत होती. त्या बघण्याचा अर्थ खोलीत फक्त ताईला आणि मास्तरांना कळत होता.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी वहिनी ताईच्या घरी आली होती. चप्पल न काढताच दारातल्या स्टुलावर बसली आणि रडली. वहिनी रडते हे ताईला तोवर माहीत नव्हतं. प्रयोगानंतर दोन दोन दिवस ह्यांना घास गिळता येत नाही, न्हाणीघरात नळ सोडून बसतात, म्हणजे खोकलेलं मला ऐकू येऊ नये. तुम्ही काहीतरी करा. ह्यांना कळू न देता करा. आणि ताईने केलं. नायकाची सगळी गाणी तिने अर्धा सूर खाली उतरवली. चौदा वादकांचे कागद रात्रीचा दिवस करून स्वतःच्या हाताने नव्याने लिहिले आणि जुने उचलून घेतले. मास्तरांनी पहिल्या दिवशी कागद पाहिले, चष्मा पुसला आणि अवाक्षर काढलं नाही. दोन वर्षांनी तिने आणखी अर्धा सूर उतरवला. थोरल्याला कळलं नाही. जुन्या संगीतिकांच्या तालमी तो घेतच नसे, आणि या खोलीत आला तर कायम खिडकीशी उभा राही. पियानोजवळ तो कधीच येत नसे. पुढे कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं, वयाबरोबर या गळ्याला गोलाई आली आहे. ते कात्रण थोरल्याने पाकिटात ठेवलं होतं.

"आप्पांच्या पट्टीत?" ताईने विचारलं.

"का? दुसरी कुठली आहे का?"

तो सहज बोलला होता. पण ताईची बोटं पट्ट्यांवर होती, आणि चोवीस वर्षांपूर्वीही ती याच खोलीत, याच पियानोवर, याच गाण्यावर होती.

तेव्हा आप्पांनी निवृत्त व्हायचं ठरवलं होतं. घड्याळजी पुढे कुणी करायचा, मुलाने की जावयाने, हा प्रश्न होता. जावई म्हणजे ताईचा नवरा. मंडळीत तोवर दुय्यम कामं करणारा, मितभाषी, स्वतःच्या विनोदाला स्वतः न हसणारा. आप्पा सिंहासनावर डोळे मिटून बसले होते. आधी थोरला गायला, चांगला गायला, आणि दमून पियानोला टेकून उभा राहिला. मग ताईचा नवरा गायला. काय झालं होतं त्या दिवशी कोण जाणे. बाई, तुमचं घड्याळ चालू आहे, असं तो म्हणाला, आणि तो बोलतोय की गातोय हे ताईलाही कळलं नाही. वरचा सूर त्याने ओढून काढला नाही; दार उघडावं तसा तो लागला. गाणं संपल्यावर आप्पांनी डोळे उघडले, मुलाकडे पाहिलं, मग मुलीच्या हातांकडे.

"पट्टी खाली होती," ते म्हणाले. "नवऱ्यासाठी खाली लावलीस."

नाही म्हणून तिने शपथ घेतली. पुन्हा वाजवून दाखवते म्हणाली. पुरे, म्हणून आप्पा उठून गेले, आणि आप्पांनी पुरे म्हटल्यावर या घरात कुणी पुढे बोलत नसे. तेव्हापासून ही गोष्ट घरात तशीच सांगितली गेली. धाकटा तेव्हा परगावी शिकत होता. त्याने ती तशीच ऐकली. लेकीने लहानपणी तशीच ऐकली. ताईने एकदा नवऱ्यासाठी पट्टी उतरवली होती.

तिने सूर लावला. आप्पांच्या पट्टीत, कागदावर पन्नास वर्षांपूर्वी लिहिली होती त्या.

पहिलं वाक्य थोरल्याने छान टाकलं. सवयीचा माणूस, मान किंचित कलती, एक हात पुढे. दुसऱ्या ओळीला त्याच्या कपाळावर एक आठी पडली, जिन्यावर अंधारात एक पायरी जास्त निघावी तशी. तिसऱ्या ओळीला त्याने ताईकडे पाहिलं. ती पट्ट्यांकडे बघत होती. तो गात राहिला. गळ्याच्या शिरा कॉलरच्या वर आल्या, आवाज पातळ झाला, मग त्यात खरखर आली, आणि तरी तो गात राहिला, कारण थांबणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटच्या चढणीवर त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि मिटलं. वरच्या सुराची जागा रिकामी गेली. ताईने उरलेले सूर वाजवून गाणं पुरं केलं. मध्येच सोडणं तिच्या हातून झालं नाही.

"पियानो चढलाय," थोरला म्हणाला.

"पियानो गेल्याच महिन्यात जुळवून घेतलाय."

"मग ही आप्पांची पट्टी नव्हे."

"हीच आहे."

"मी दर आठवड्याला गातो हे गाणं. मला—" तो थांबला. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बुटांकडे बघत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. "किती दिवस?"

"सहा वर्षं," ताई म्हणाली. "आधी अर्धा सूर. मग आणखी अर्धा."

"तुला माहीत होतं?" हे वहिनीला.

"मीच सांगितलं होतं त्यांना करायला," वहिनी म्हणाली.

थोरला न्हाव्याच्या खुर्चीत बसला. खुर्ची त्याच्या वजनाने अर्धी फिरली आणि तो आरशासमोर आला. त्याने पाय टेकवून ती परत फिरवली. मग तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात रडं नव्हतं, नुसतं विष होतं.

"म्हणजे आप्पा बरोबर बोलले होते. तुझी बोटं सरळ नाहीतच. तेव्हा नवऱ्यासाठी, आता माझ्यासाठी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच."

ताईने पियानोचं झाकण लावलं. ते जरा जोरात लागलं.

"तू इथे टेकून उभा होतास," ती म्हणाली. "इथे. माझी बोटं तुझ्यापासून वीतभर लांब होती. सुरुवात काळ्या पट्टीवरून होते की पांढऱ्या, हे तुला आठव्या वर्षापासून माहीत आहे, मीच शिकवलंय. आज सगळे बसलेत. सांग. त्या दिवशी मी कुठल्या पट्टीत वाजवलं?"

"जुनं उकरून काय—" धाकटा म्हणू लागला.

"तू गप्प बस. सांग तू."

थोरल्याने तळव्यांनी तोंड पुसलं. वहिनी त्याच्याकडे बघत होती, लेक बघत होती. खिडकीखालून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिच्या चाकाची टकटक लांबपर्यंत ऐकू आली.

"याच," तो म्हणाला. "आत्ता वाजवलंस त्याच."

"तुला दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. चोवीस वर्षं ते त्याच्याजवळ होतंच.

"मला गायचं होतं," तो म्हणाला.

तो उठला, खुंटीवरचा कोट घेतला आणि बाह्यांत हात न घालताच जिना उतरला. पावलं वाजली नाहीत. वहिनीने गठ्ठा आवरला. सुई बाहीतच राहिली होती, ती तिला टोचली. तिने बोट तोंडात धरलं आणि ताईसमोर येऊन उभी राहिली.

"तुमचं खरं होतं ते कळलं सगळ्यांना," ती म्हणाली. "चांगलं झालं. पण ते काम मी तुमच्यावर विश्वासाने सोपवलं होतं, ताई. त्यांच्यावर नसेल, पण माझ्यावर तरी दया करायची होती."

ताईजवळ बोलण्यासारखं होतं ते वहिनीसाठी नव्हतं.

धाकट्याने कागदावर जावयाचं नाव लिहिलं. त्याला हवं होतं ते झालं होतं, पण लिहिताना तो ज्या घाईने लिहीत होता त्यावरून वाटलं, त्यालाही हा कागद लवकर खिशात घालायचाय.

"मी गाऊन दाखवू का?" जावयाने दारातून विचारलं.

"गरज नाही," मास्तर म्हणाले.

"पण ठरलं होतं, दोघांनी—"

"गरज नाही म्हटलं ना."

तो लाजून बाजूला झाला. मंडळीतलं सर्वांत मोठं काम त्याला एकही सूर न काढता मिळालं होतं, आणि ते कसं मिळालं हे त्याला जन्मभर कुणी विसरू देणार नव्हतं. लेक त्याच्याबरोबर निघाली. मग परत आली.

"आत्या, तू त्यांना एकट्याला गाठून सांगू शकली असतीस. दार लावून."

"हो."

"मग?"

"नाही सांगितलं," ताई म्हणाली. "तूही अकराचा आकडा त्यांना दार लावून सांगू शकली असतीस."

लेकीने ओठ आवळले. हे उत्तर तिला पटलं आणि म्हणूनच जास्त लागलं. ती गेली.

एक वाजून गेल्यावर ताई आणि मास्तर बसच्या थांब्यावर उभे होते. ऊन डोक्यावर होतं. दुकानं बंद, रस्ता रिकामा, आणि रविवारची बस म्हणजे नुसती अफवा. मास्तरांनी तिची पिशवी आपल्या हातात घेतली होती. त्यांच्याच्याने फार वेळ गप्प राहवेना.

"कडू झालं," ते म्हणाले. "पण झालं ते बरं झालं. चोवीस वर्षांनी का होईना, त्यांना न्याय मिळाला."

"त्यांना म्हणजे?"

"तुमच्या ह्यांना. मी त्यांना कधी ऐकलं नाही. मी आलो तोवर त्यांनी मंडळी सोडली होती. शाळेत शिकवायचे ना?"

"समूहगान शिकवायचे. सकाळी आठला चाळीस पोरं." ताई किंचित हसली. "घरी कधी गायले नाहीत मग. भांडी घासतानासुद्धा नाही."

"त्यांचं काय मत होतं? टेनरबद्दल?"

समोरच्या भिंतीवर जुन्या जाहिरातींचे थर होते, एकावर एक, कोपऱ्यांना सुटलेले.

"ते म्हणायचे, वरचा सूर, चेहरा, शब्द, हे सगळं नंतर. गाणाऱ्याचा स्वतःच्या गाण्यावर आधी विश्वास हवा. लोकांचा मागून येतो." तिने पदराने मान पुसली. "त्या दिवशी इतकं सहज लागलं होतं ना, की आप्पा म्हणाले तेव्हा त्यांना स्वतःलाच शंका आली. घरी येऊन विचारलं, खरं सांग, खाली लावली होतीस? मी म्हटलं, नाही. तुमच्या गळ्याची शपथ. ते बरं म्हणाले. आठवड्याने पुन्हा विचारलं. मग महिन्याने. मग वर्षातून दोनदा, कधी जेवताना, कधी रस्त्यात, असंच. पंधरा वर्षं. मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं."

"त्यांना पटलं नाही?"

"पटायचं. मग उडून जायचं. एक माणूस जरी हो म्हणाला असता, हिने बरोबर वाजवलं, मी पाहिलंय, तर पुरलं असतं. बायकोच्या शब्दाचं काय, ती बोलणारच."

लांब वळणावर बस दिसली. मास्तरांनी हात वर केला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"आज तो माणूस बोलला," ते म्हणाले. "उशिरा बोलला, पण बोलला. तुमच्या मनात तरी—"

"तुम्हाला सगळं सांगितलं नाही मी," ताई म्हणाली. "शेवटच्या आजारात, अंथरुणात होते. मी रात्रभर जागी, सकाळी चादरी धुवायच्या राहिलेल्या, औषध सांडलेलं. आणि त्यांनी परत विचारलं. खरं सांग, आता काय बिघडतंय, खाली लावली होतीस ना? आणि मास्तर, मला इतका कंटाळा आला होता. मी म्हटलं, हो. लावली होती. झालं समाधान?"

बस येऊन थांबली. दार उघडलं. मास्तर चढले नाहीत.

"आणि ते?"

"रागावले नाहीत." तिने त्यांच्या हातातून आपली पिशवी घेतली. "नुसतं 'तरीच' म्हणाले."